जुन्या लॅपटॉपला एसएसडी: कमी खर्चात, घरच्या घरी

सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप चालू केला की विंडोज उघडायला तीन-चार मिनिटं लागतात. क्रोम उघडलं की सगळं गोठतं, आणि घरात प्रत्येक जण म्हणतो की आता नवा घ्या. माझं मत वेगळं आहे. त्या लॅपटॉपात जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर नव्याचा विचार जरा बाजूला ठेवा आणि आधी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारा ड्राइव्ह, बसवा. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात हे काम होतं. एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती जुन्या मशीनला नाही.

फरक एवढा का पडतो, ते आधी समजून घ्या, म्हणजे दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवेल तेव्हा भुलणार नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे फिरते. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, आणि तेवढा वेग वाईट नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचल्या जातात आणि त्या तबकडीवर इथे-तिथे विखुरलेल्या असतात. दरवेळी वाचणारा काटा नव्या जागी सरकवायचा आणि ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचं, यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभरच्या आसपासच अशा फेऱ्या होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळ्या चिपा. साधीशी, हार्ड डिस्कच्याच जोडणीवर म्हणजे साटावर चालणारी एसएसडीसुद्धा अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी उरकते. खोक्यावर छापलेला ‘५५० एमबी’ हा सलग वाचनाचा वेग आहे. रोजच्या कामात जाणवतो तो फरक छोट्या वाचनांचा. म्हणूनच २०१०-११ सालच्या, मंद साटा जोडणीच्या लॅपटॉपातही एसएसडी टाकल्याचा उपयोग होतो.

आधी खात्री करा की दोष डिस्कचाच आहे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप नुकताच चालू झालेला असताना पाहा: ‘डिस्क’च्या रकान्यात १००% आणि ‘सीपीयू’च्या रकान्यात दहा-वीस टक्के दिसत असेल, तर प्रोसेसर रिकामा बसलाय आणि डिस्कची वाट पाहतोय. हे सगळ्यात स्पष्ट लक्षण. ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये ‘डिस्क ०’ वर क्लिक केलं की नव्या विंडोजमध्ये ती एचडीडी (हार्ड डिस्क) आहे की एसएसडी हेही लिहिलेलं असतं.

त्याच ठिकाणी ‘मेमरी’ पाहा. ती सतत ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमही कमी पडतेय. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपात एसएसडी टाकल्यावर फरक नक्की पडतो, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की मशीन पुन्हा धापा टाकायला लागतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी घ्या. पुढे जमेल तेव्हा ४ जीबीची एक रॅम घाला.

काही स्वस्त छोट्या लॅपटॉपांत ३२ किंवा ६४ जीबीची ‘ईएमएमसी’ साठवण असते. ती मदरबोर्डवरच चिकटवलेली असते आणि बदलता येत नाही. तुमचं मशीन तसं असेल आणि आत दुसरी जागा नसेल, तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही.

आता डिस्कची तब्येत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते चालवा. ‘गुड’ दिसलं तर पुढे जा. ‘कॉशन’ दिसलं आणि ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळींत शून्याहून मोठा आकडा असला, तर डिस्क मरायला लागली आहे. मग एसएसडीच्या खरेदीची वाट पाहू नका, आजच्या आज महत्त्वाच्या फायली दुसरीकडे हलवा. आतून लयीत टक्-टक् आवाज येत असेल तर लॅपटॉप बंद करून ठेवा. दुसरीकडे कुठेच नसलेले फोटो किंवा हिशेब त्यात असतील, तर घरी खटपट न करता डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडे न्या. अशी डिस्क जितकी जास्त चालवाल तितकी ती आणखी खराब होते.

तुमच्या लॅपटॉपात कोणती बसते

बाजारात तीन प्रकार भेटतील. पहिला अडीच इंची साटा, म्हणजे दिसायला जुन्या हार्ड डिस्कसारखीच चपटी डबी. दुसरा आणि तिसरा दोन्ही ‘एम डॉट टू’ आकाराचे, च्युइंगगमच्या पट्टीएवढे. त्यातला एक साटावर चालतो आणि दुसरा एनव्हीएमई, जो बराच वेगवान आहे.

हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपात अडीच इंची साटा जवळजवळ हमखास बसते. आजच्या एसएसडी ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. जुन्या मशीनमधली डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तरी काळजी नको, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागीच असतात. एसएसडी हलते असं वाटलं तर अडीच मिलिमीटरची प्लास्टिकची चौकट मिळते, ती लावा.

साधारण २०१७ नंतरच्या अनेक लॅपटॉपांत मात्र हार्ड डिस्कच्या शेजारी एम डॉट टूची एक जागा रिकामी असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तिथे एनव्हीएमई बसत असेल तर उत्तमच. विंडोज त्या पट्टीवर आणि फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर, डिस्क कायमची काढायची गरज नाही. हे कळायचं कसं? लॅपटॉपच्या पोटाखालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. एचपी, डेल, लेनोवो तिघंही ते मोफत देतात. कुठे कोणता स्क्रू, कोणत्या जागी कोणता ड्राइव्ह चालतो, सगळं चित्रांसकट असतं. व्हिडिओ पाहण्याआधी हे पाहा. व्हिडिओतला लॅपटॉप तुमच्यासारखाच दिसतो, पण आतली मांडणी वेगळी निघू शकते.

यात एक फसगत होते. एम डॉट टूची पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. साटाच्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईला एक, पण काही जागांमध्ये दोन्ही बसतात आणि चालते एकच. मॅन्युअलमध्ये त्या जागेसमोर ‘पीसीआयई’ किंवा ‘एनव्हीएमई’ लिहिलंय की ‘साटा’, तेवढं वाचा. आणखी एक: रिकाम्या जागेजवळ पट्टी दाबून धरणारा बारीक स्क्रू अनेकदा कंपनीने दिलेलाच नसतो. तो एसएसडीबरोबरच मागून घ्या.

किती जीबीची, कुणाची आणि कुठून

‘धिस पीसी’ उघडून जुन्या डिस्कवर प्रत्यक्षात किती जागा भरली आहे ते पाहा. १ टीबीच्या डिस्कवर १५० जीबीच भरलेली अनेकांकडे दिसते. १२० किंवा १२८ जीबीची एसएसडी स्वस्त दिसते, पण ती घेऊ नका. विंडोज आणि त्याचे अपडेट मिळून तिचा मोठा भाग खातात आणि सहा महिन्यांत तुम्ही जागा मोकळी करत बसता. हात आखडता असेल तर २४०-२५६ जीबी घ्या आणि फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर ठेवा. घरातली तीन-चार माणसं एकच लॅपटॉप वापरत असतील तर ४८०-५१२ जीबी घ्या. त्याहून मोठी घ्यायची गरज व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनाच. कितीही मोठी घेतली तरी पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या. काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

भावाचा आकडा इथे लिहीत नाही, कारण तो टिकत नाही. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढले, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत सांगितलेली किंमत आज मिळेल असं धरून चालू नका. त्यापेक्षा किमतीला जीबीने भागून दर काढा आणि एकाच दिवशी तीन ठिकाणी विचारा: ऑनलाइन, गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कुणी जाणार असेल तर तिथे. पन्नास-शंभर रुपयांचा फरक असेल तर मी गावातल्या दुकानदाराकडून घेईन. वॉरंटीत बदलून घ्यायची वेळ आली तर तो समोर असतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी सहसा तीन किंवा पाच वर्षांची असते.

कंपनी ओळखीची निवडा: सॅमसंग, किंग्स्टन, वेस्टर्न डिजिटल, सँडिस्क. वेस्टर्न डिजिटलचा हा धंदा २०२५ मध्ये सँडिस्क म्हणून वेगळा झाला, त्यामुळे दोन्ही नावांचा माल दिसतो. स्वस्त एसएसडीत वेगळी डीरॅम चिप, म्हणजे ड्राइव्हची स्वतःची तात्पुरती मेमरी, नसते. जुन्या लॅपटॉपात त्याने काही बिघडत नाही, जास्तीचे पैसे त्यासाठी देऊ नका. ‘क्यूएलसी’ प्रकारच्या चिपा मोठ्या फायली सलग लिहिताना दमतात. रोज दहा-दहा जीबीचे व्हिडिओ उतरवणार असाल तरच ‘टीएलसी’ या जास्त दमदार प्रकाराचा आग्रह धरा.

ज्यापासून कटाक्षाने लांब राहायचं, तो म्हणजे अनोळखी नावाचा, २ टीबीचा आणि अविश्वसनीय स्वस्त माल. अशा डबीत छोटीशी चिप असते आणि ती संगणकाला आपण २ टीबी असल्याचं खोटं सांगते. फायली कॉपी होताना दिसतात, पण खरी जागा संपली की नव्या फायली जुन्यांवरच लिहिल्या जातात, आणि महिन्याभराने फोटो उघडत नाहीत. ऑनलाइन घेतलेल्या एसएसडीबद्दल शंका आली तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे मोफत साधन चालवा. ते पूर्ण जागेवर लिहून परत वाचून पाहतं. ड्राइव्ह रिकामा असताना आणि माल परत करायची मुदत संपायच्या आत हे करायचं. वापरलेली एसएसडी घेत असाल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती किती तास चालली आणि किती डेटा लिहिला गेला ते दिसतं. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच पाहा.

एसएसडीबरोबर आणखी तीन गोष्टी लागतील. अडीच इंची डिस्कसाठी यूएसबी ३ची डबी, ज्याला दुकानात एन्क्लोजर किंवा केसिंग म्हणतात. नुसती जोडणीची केबल थोडी स्वस्त पडते, पण डबीच घ्या, कारण काम झाल्यावर तिच्यात जुनी डिस्क घालून वर्षानुवर्षं बॅकअपला वापरता येते. एनव्हीएमई घेतलीत आणि लॅपटॉपात तिची जागा रिकामी असेल तर डबी लागतच नाही. दुसरं, ८ जीबी किंवा मोठा रिकामा पेनड्राइव्ह. तिसरं, चपट्या टोकाचा नव्हे तर बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पीएच० आणि पीएच१ मापाचा. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड चालतं. लोखंडी पट्टी वापरू नका, झाकणाच्या कडा तुटतात.

डेटा: काय काय आठवणीने घ्यायचं

डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि फोटो हे सगळ्यांनाच आठवतं. राहून जातं ते बाकीचं. आउटलुक वापरत असाल तर त्याची मेल साठवणारी पीएसटी फाइल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क. टॅलीचा डेटा, जो कंपनी निवडायच्या पडद्यावर दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असतो, तो फोल्डर पूर्ण उचला. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचं सॉफ्टवेअर.

आणि मराठीत काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: जुने फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, एपीएस यांत टाइप केलेल्या लग्नपत्रिका, ठराव, अर्ज, अहवाल युनिकोडमध्ये नसतात. फॉन्ट नसेल तर ती फाइल नव्या विंडोजवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून हे फॉन्ट शोधून वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. सॉफ्टवेअर परवान्याचं असेल तर त्याची सीडी, की किंवा डोंगल जवळ आहे ना, ते आत्ताच पाहा. ग्रामपंचायतीपासून छापखान्यापर्यंत कितीतरी टेबलांवर अशा फायली आहेत, आणि फॉन्ट गेल्याचं लक्षात येतं ते अगदी गरजेच्या दिवशी.

जशीच्या तशी नक्कल की कोरं विंडोज?

दोन रस्ते आहेत. नक्कल, म्हणजे क्लोन: जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर. किंवा एसएसडीवर नव्याने विंडोज टाकून फायली परत भरायच्या. टॅली, डिजिटल सही, कार्यालयाची खास सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर असं महत्प्रयासाने बसवलेलं काही असेल तर नक्कल करा. नुसता घरगुती वापर असेल, त्यात वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला असेल किंवा डिस्क ‘कॉशन’ दाखवत असेल, तर कोरं विंडोज. घरच्या लॅपटॉपसाठी मी दुसऱ्याच रस्त्याने जायला सांगतो. वेळ जवळपास तेवढाच लागतो आणि मशीन खरोखर स्वच्छ होतं.

कोणताही रस्ता धरा, आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागलेलं विंडोजचं कुलूप (एन्क्रिप्शन), तपासा. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बिटलॉकर’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती ४८ अंकी की वहीत उतरवून घ्या आणि नक्कल करण्याआधी एन्क्रिप्शन बंद करा. की नसेल आणि लॅपटॉपने ती मागितली, तर आतला डेटा कुणालाच उघडता येत नाही.

*नक्कल करायची असेल तर* एसएसडी डबीत घालून यूएसबीने जोडा (एनव्हीएमई रिकाम्या जागी बसणार असेल तर ती आधीच तिथे बसवा). सॅमसंग, किंग्स्टन, सँडिस्क स्वतःच्या ड्राइव्हसाठी नक्कल करणारं सॉफ्टवेअर मोफत देतात, ते संकेतस्थळावरून घ्या. जुनी डिस्क १ टीबीची आणि एसएसडी ५०० जीबीची असली तरी चालतं, फक्त भरलेला डेटा एसएसडीत मावायला हवा. ‘क्लोनझिला’ हे मोफत आणि भरवशाचं साधन आहे, पण नवा ड्राइव्ह जुन्याएवढा किंवा मोठा असावा अशी त्याची अट असते, त्यामुळे नवशिक्याला १ टीबीवरून ५०० जीबीवर येताना ते त्रास देतं. सॉफ्टवेअर कोणतंही असो, ‘कुठून’ आणि ‘कुठे’ हे दोन ड्राइव्ह नावावरून आणि आकारावरून दोनदा तपासा. उलटं झालं तर कोरी एसएसडी जुन्या डिस्कवर नक्कल होते आणि सगळं पुसलं जातं. फक्त सी ड्राइव्ह नव्हे, सगळी पार्टिशन (डिस्कचे वेगवेगळे भाग) निवडा, कारण लॅपटॉप सुरू करणारा भाग त्यांतल्या एका छोट्या पार्टिशनमध्ये असतो.

२०० जीबीला तास-दीड तास धरा. चार्जर लावलेला असू द्या आणि स्लीप बंद करा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेकदा गेलेली असते. तशी असेल तर गावात भारनियमनाची वेळ टाळून काम सुरू करा, नाहीतर वीज जाताच नक्कल अर्धवट राहते.

*कोरं विंडोज टाकायचं असेल तर* मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने पेनड्राइव्ह तयार करा. विंडोज नव्याने विकत घ्यायची गरज नाही. आधीचं विंडोज अधिकृत असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेलं असेल, तर परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. इन्स्टॉल करताना ‘प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडा, आधीचीच होम किंवा प्रो आवृत्ती निवडा, आणि इंटरनेट जोडलं की ते आपोआप चालू होतं. वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आधीच कंपनीच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसला की गाडी तिथेच अडते.

विंडोज १०ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलची आठव्या पिढीची किंवा पुढची चिप लागते. तुमचं मशीन त्याहून जुनं असेल आणि काम ब्राउझर, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढंच असेल, तर एसएसडीवर लिनक्स मिंट टाकून पाहा. मोफत आहे, सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात आणि इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर मात्र विंडोजवरच राहा.

लॅपटॉप उघडणं

शटडाउन करा, चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. टेबलावर सुती कापड पसरा आणि लॅपटॉप उलटा ठेवा. हात लावण्याआधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

काही जुन्या लॅपटॉपांना हार्ड डिस्कपुरतं छोटं दार असतं, एक-दोन स्क्रूत काम होतं. नव्यांना अख्खं खालचं झाकण काढावं लागतं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घट्ट पिळला तर तो वरच्या बाजूला कीबोर्डजवळ फुगवटा आणतो. म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावा. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली, डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत किंवा स्टिकरखाली एखादा लपलेला असतो. मग कोपऱ्यातून कार्ड सरकवत कडेकडेने न्या, प्लास्टिकच्या कड्या टक् टक् करत सुटतात. तो आवाज तुटण्याचा नाही.

झाकण निघालं की पहिलं काम आतल्या बॅटरीची जोडणी सोडवणं. तिचा कनेक्टर मदरबोर्डवर असतो. तारा ओढायच्या नाहीत, प्लास्टिकचा ठोकळा दोन्ही बाजूंनी नखाने थोडाथोडा सरकवत काढायचा.

आता हार्ड डिस्क. ती धातूच्या चौकटीत किंवा रबरी कडांमध्ये बसलेली असते. चौकटीचे स्क्रू काढल्यावर डिस्क सरळ वर उचलू नका. थेट बसणाऱ्या जोडणीत ती आधी आडवी, कनेक्टरपासून लांब सरकवायची, आणि पिना सुटल्या की मगच उचलायची. चपट्या केबलची जोडणी असेल तर केबल नव्हे, तिच्या टोकाचा काळा ठोकळा धरून डिस्कपासून वेगळा करा. चौकटीच्या बाजूचे चार स्क्रू काढून एसएसडी त्याच दिशेने, त्याच बाजूने चौकटीत बसवा आणि उलट क्रमाने परत सरकवा. साटाच्या लांब कनेक्टरची एक बाजू एल आकाराची असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. अडली तर दिशा तपासा, ढकलू नका.

एनव्हीएमईची पट्टी तिरकी, सुमारे तीस अंशांत खाचेत सरकवायची, मग दाबून आडवी करून स्क्रू लावायचा. न दाबता ती थोडी वर उचललेली राहते, ते बरोबर आहे.

बॅटरीची जोडणी परत लावा. झाकण पूर्ण बसवण्याआधी नुसतं टेकवून एकदा लॅपटॉप चालू करून पाहा, म्हणजे काही अडलं तर पुन्हा सगळे स्क्रू काढावे लागत नाहीत.

चालू केल्यावर

नक्कल केली असेल तर विंडोज सरळ उघडायला हवं. जुनी डिस्क त्या वेळी कुठेही जोडलेली नको. दोन्हींवर एकच ओळख असल्यामुळे विंडोज गोंधळतं. कोरं टाकणार असाल तर पेनड्राइव्ह लावा आणि चालू होताना बूट मेनूचं बटण दाबा. ते एचपीला एफ९, डेल आणि बऱ्याच लेनोवोंना एफ१२ असतं. ड्राइव्ह निवडायच्या पडद्यावर ‘अनअलोकेटेड स्पेस’ निवडून ‘नेक्स्ट’, एवढंच. पार्टिशन ते स्वतः करतं.

एसएसडी दिसतच नसेल तर पहिला संशय जोडणीवर घ्या, काढून पुन्हा बसवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) दिसते पण विंडोज उघडत नाही, तर बूटची पद्धत पाहा: जुनं विंडोज ‘लेगसी’वर होतं की ‘यूईएफआय’वर, तीच ठेवायला हवी. बायोसमध्ये डिस्कच्या जोडणीसमोर ‘एएचसीआय’ असावं, पण आधीपासून ‘रेड’ असेल आणि नक्कल केली असेल तर ते आहे तसंच राहू द्या. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई दिसत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवा.

सगळं चाललं की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा. ड्राइव्हसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलेलं दिसायला हवं. विंडोज त्याची देखभाल स्वतः करतं. बाहेरचं कुठलंही डीफ्रॅगचं, म्हणजे विखुरलेल्या फायली पुन्हा सलग मांडणारं सॉफ्टवेअर चालवू नका, एसएसडीला त्याचा फायदा नाही आणि लिखाण मात्र वाढतं. नक्कल केल्यावर मोठ्या एसएसडीवरची उरलेली जागा दिसत नसेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करा. एन्क्रिप्शन बंद केलं होतं तर ते परत चालू करा.

जुन्या डिस्कचं काय करायचं

महिनाभर तिला हात लावू नका. काहीतरी राहिलं हे तेवढ्या दिवसांतच लक्षात येतं. नंतर ती ठणठणीत असेल तर डबीत घालून बॅकअपसाठी ठेवा. याची गरज आहे. हार्ड डिस्क मरताना अनेकदा आवाज करून, मंदावून सूचना देते, एसएसडी काल चालत होती आणि आज दिसत नाही अशी जाते. फोटो आणि हिशेब दोन ठिकाणी असायलाच हवेत. लॅपटॉपाला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याच्या जागी बसणारी कॅडी, म्हणजे डिस्क ठेवायची चौकट, मिळते. तिची जाडी ९.५ की १२.७ मिलिमीटर हे मोजून घ्या, आणि कॅडीत जुनी डिस्क घाला, एसएसडी मूळ जागीच ठेवा. काही मशीनमध्ये डीव्हीडीची जोडणी मंद असते.

डिस्क कुणाला द्यायची असेल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही. डबीतून जोडून फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढा, म्हणजे पूर्ण जागेवर शून्यं लिहिली जातात. १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. सुरूच न होणारी डिस्क हातोड्याने फोडू नका. लॅपटॉपच्या डिस्कच्या तबकड्या बहुतेकदा काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे डोळ्यात उडतात. ती रोजच्या कचऱ्यातही जाऊ नये. महापालिकेच्या ई-कचरा संकलनात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रावर द्या, आणि आत खासगी कागदपत्रं असतील तर डिस्क आपल्यासमोर नष्ट करून देतात का, हे देण्याआधी विचारून घ्या.